पहिलं काम घेतलंय? बांधकाम मजुरांच्या कायद्याचं काय-काय करायचं, पायरीपायरीने

जिल्हा परिषदेचं पहिलं देयक हातात येतं तेव्हा कपातींच्या यादीत एक ओळ असते: कामगार कल्याण उपकर, १ टक्का. नवा ठेकेदार ती ओळ पाहतो, 'लेबर सेस कटला' म्हणतो आणि मजुरांचं कायद्याने जे करायचं होतं ते झालं असं समजतो. ते झालेलं नसतं. तो १ टक्का महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे जातो. तिथून तो तुमच्या साइटवर घमेली वाहणाऱ्या रेजेच्या (मजूर बाईच्या) घरी पोहोचायचा असेल तर मधे काही कागद लागतात, आणि ते देण्याची पहिली जबाबदारी तुमची असते.

मी यवतमाळ जिल्ह्यात शाळाखोल्या, सिमेंट रस्ते, अंगणवाडीच्या इमारती, नाल्यांवरचे बंधारे अशी कामं करतो. सुशिक्षित बेरोजगार अभियंता म्हणून नोंदणी करून पहिलंच काम घेतलेली मुलं, मजूर सहकारी संस्थांचे नवे सचिव, कधी एखादा सरपंच, सगळे हेच प्रश्न विचारतात. म्हणून सगळं एका जागी लिहितो आहे.

आधी कायदा कोणता, ते थोडक्यात

१९९६ साली केंद्राने दोन कायदे केले. एक बांधकाम मजुरांच्या नोकरीच्या आणि साइटवरच्या सोयी-सुरक्षेच्या नियमनाचा, दुसरा त्यांच्या कल्याणासाठी उपकर घेण्याचा. उपकर बांधकाम खर्चाच्या १ ते २ टक्के घेता येतो आणि सरकारने तो १ टक्का ठरवला. महाराष्ट्राने आपले नियम २००७ मध्ये केले. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या आणि हे दोन्ही कायदे त्यांत विलीन झाले: उपकराचा भाग सामाजिक सुरक्षा संहितेत, साइटवरच्या सुरक्षेचा भाग व्यावसायिक सुरक्षा संहितेत. जुने नियम संहितेशी विसंगत नसतील तेवढे या बदलाच्या काळात चालू राहतात. त्यामुळे कोणताही फॉर्म भरण्याआधी 'आज चालू असलेला नमुना द्या' असं जिल्ह्याच्या कामगार कार्यालयात सांगा. झेरॉक्सच्या दुकानातला जुना गठ्ठा उचलू नका.

हे कार्यालय काही जिल्ह्यांत सहायक कामगार आयुक्तांचं असतं, काही ठिकाणी सरकारी कामगार अधिकाऱ्यांचं.

१. तुम्ही यात येता का, ते बघा

गेल्या बारा महिन्यांत कोणत्याही एका दिवशी तुमच्याकडे दहा किंवा जास्त बांधकाम मजूर असतील तर तुम्ही यात आलात. शाळाखोलीच्या स्लॅबच्या दिवशी मोजून बघा. मिस्त्री, रेजा, सेंट्रिंगवाले, सळई बांधणारे, मिक्सरवर एक, व्हायब्रेटरवर एक. दहा सहज ओलांडतात. 'आमच्याकडे तर रोज सहाच असतात' हे उत्तर त्या एका दिवसापुढे टिकत नाही.

बांधकाम म्हणजे फक्त इमारत असंही नाही. रस्ता, पूल, कालवा, बांध, पाणीपुरवठ्याची पाइपलाइन, विजेच्या लाइनचं काम, सगळं व्याख्येत आहे. गावातली नळयोजना घेणाऱ्यांच्या हे बरेचदा लक्षात येत नाही, कारण त्यांच्या डोळ्यांसमोर खोदकाम असतं, बांधकाम नसतं.

स्वतः राहण्यासाठी घर बांधणाऱ्याला सूट आहे. जुन्या कायद्यात १० लाखांपर्यंतच्या खर्चाला होती, संहितेत ती मर्यादा ५० लाख झाली. गावातली बहुतेक घरं यात बसतात. तालुक्याच्या ठिकाणी खाली चार गाळे आणि वर घर बांधणाऱ्याने मात्र ही सूट आपली समजू नये. गाळे म्हणजे राहतं घर नव्हे.

आता कायद्याच्या भाषेत मालक, म्हणजे मजूर कामावर लावणारा, कोण? सरकारी कामात ठेका दिला असेल तर ठेकेदार. विभाग स्वतः मजूर लावून काम करत असेल तर तो विभाग. ग्रामपंचायत स्वतः यंत्रणा म्हणून काम करते तेव्हा ती मालकाच्या जागी येते. सरपंचांनो, हे तुमच्यासाठी. 'आम्ही काय ठेकेदार आहो का' असं म्हणून हे टळत नाही.

२. निविदा भरतानाच १ टक्का धरा

हिशेब साधा आहे. १० लाखांच्या खोलीला १०,००० रुपये. हा टक्का मजुरीवर नसतो, गिट्टी, रेती, सिमेंट, लोखंड धरून पूर्ण बांधकाम खर्चावर असतो. जमिनीची किंमत आणि अपघाताची कायदेशीर भरपाई तेवढी त्यातून वगळतात.

नवी मुलं स्पर्धेत पंधरा-वीस टक्के बिलो (अंदाजपत्रकाच्या खाली दर) टाकतात आणि कपाती नंतर बघतात. उपकरासोबत आयकर, जीएसटीची कपात, गौण खनिजाची रॉयल्टी, सुरक्षा ठेव हेही तिथेच कटतं. विम्याची पॉलिसी वेळेत दिली नाही तर त्याचीही रक्कम कटते. उपकर आणि विमा या वेगळ्या गोष्टी आहेत. देयकात 'लेबर' शब्द दिसला म्हणून मजुरांचा विमा निघाला असं धरू नका. उपकरातून विमा निघत नाही.

आणि हा उपकर मजुराच्या मजुरीतून काढायचा नसतो. 'सरकार आमचा कापते, आम्ही तुमचा कापतो' असं सांगून रोजामागे पाच-दहा रुपये ठेवून घेणारे मी पाहिले आहेत. उपकर मालकाचा आहे. मजुराने भरायची ती फक्त मंडळाच्या सदस्यत्वाची नाममात्र वर्गणी, तीही तो स्वतः भरतो.

३. नोंदणी आणि काम सुरू करण्याची सूचना

या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि लोक त्या एकच समजतात.

आस्थापनेची नोंदणी काम सुरू झाल्यापासून ६० दिवसांच्या आत करायची. काम सुरू करण्याची सूचना काम सुरू होण्याआधीच द्यायची; १९९६ च्या कायद्यात ती किमान ३० दिवस आधी होती. कार्यारंभ आदेशात तर सात दिवसांत काम सुरू करा असं लिहिलेलं असतं. मग तीस दिवस आणायचे कुठून? माझं उत्तर असं की कार्यारंभ आदेश हातात पडेल त्याच दिवशी सूचना दाखल करा आणि पोच घ्या. सूचनेत कामाचं ठिकाण, स्वरूप, सुरू होण्याची तारीख, अंदाजे कालावधी, मजुरांची संख्या आणि स्फोटक वा धोकादायक वस्तू साइटवर ठेवणार असाल तर त्याची माहिती असते. विहिरीच्या कामात सुरुंग लावणाऱ्यांनी शेवटचा रकाना कोरा सोडू नये.

उपकरासाठी मालकाने कामाची माहिती निर्धारण अधिकाऱ्याला (उपकराची आकारणी करणाऱ्याला) काम सुरू झाल्यावर ३० दिवसांत देण्याचीही अट नियमांत आहे. सरकारी कामात विभाग देयकातून कापतो म्हणून हे कोणी करत नाही. खासगी गोदाम, जिनिंगचं शेड, पेट्रोल पंप अशी कामं घेत असाल तर हे विसरू नका.

सोबत ठेवायचे कागद:

- कार्यारंभ आदेश आणि करारनाम्याची प्रत
- अंदाजपत्रकाचं पहिलं पान, रकमेसह
- पॅन, आधार, जीएसटी नोंदणी
- ठेकेदार नोंदणीचं प्रमाणपत्र. संस्था असेल तर संस्थेची नोंदणी आणि ठराव
- मजुरांची अपेक्षित संख्या, पुरुष आणि स्त्रिया वेगळ्या
- साइटवर जबाबदार असलेल्या माणसाचं नाव आणि मोबाइल

पूर्वी सूचना न दिल्याची शिक्षा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा २,००० रुपयांपर्यंत दंड अशी होती आणि दोन हजार काय, भरून टाकू, असं लोक म्हणत. संहितेत दंडाचे आकडे लाखांत गेले आहेत.

४. हजेरी

या पायरीवर थांबा. बाकी सगळं हिच्यावर उभं आहे.

आपल्याकडे काम चालतं ते मिस्त्रीच्या वहीवर. मिस्त्री चौरस फुटाच्या दराने काम घेतो, स्वतःची माणसं आणतो, बाजाराच्या दिवशी त्यांना पैसे वाटतो. त्या वहीत 'रमेश ३, सुनंदा ३, पोरगं २' असं लिहिलेलं असतं. आडनाव नाही, गाव नाही, कोणती साइट ते नाही. सहा महिन्यांनी सुनंदाबाई मंडळाच्या नोंदणीसाठी ९० दिवसांच्या कामाचा दाखला मागायला येते तेव्हा त्या वहीतून काहीच निघत नाही. मिस्त्री दुसऱ्या तालुक्यात गेलेला असतो.

पेटी ठेका (तुमच्या ठेक्यातलं काम पुढे मिस्त्रीला) दिला म्हणून मजूर मिस्त्रीचे होत नाहीत. त्याने मजुरी बुडवली तर ती तुम्हाला द्यावी लागते, कायद्यात हे स्पष्ट आहे. मग हजेरी तरी तुमचीच ठेवा. माझी पद्धत सांगतो. पहिल्या दिवशी प्रत्येक मजुराचं आधारप्रमाणे पूर्ण नाव, वय, गाव, कामाचा प्रकार आणि मोबाइल नंबर एका पानावर घ्यायचा. आधारची झेरॉक्स जोडायची, मूळ आधार कधीही ठेवून घ्यायचं नाही. रोज सकाळी सही किंवा अंगठा. संध्याकाळी मस्टरच्या (हजेरीपटाच्या) पानाचा फोटो काढून स्वतःच्या फोनवर पाठवायचा. वही पावसात भिजते, मिस्त्रीचा पोरगा तिच्यावर चित्रं काढतो, फोटो राहतो.

तीन गोष्टी ध्यानात ठेवा. नवरा-बायको दोघं काम करत असतील तर दोघांची हजेरी वेगळी. 'जोडी' म्हणून एकाच नावावर लिहिण्याची सवय आपल्याकडे फार आहे, आणि त्यात नुकसान नेहमी बाईचं होतं: कामाचे दिवस नवऱ्याच्या नावावर चढतात, ती कागदावर कुठेच नसते. दुसरं, अठरा वर्षांखालच्या पोराला साइटवर घेऊ नका. शाळा सोडली असली तरी नाही, बापासोबत आला असला तरी नाही. तिसरं, वय अंदाजे लिहू नका. मंडळाची नोंदणी १८ ते ६० या वयातच होते, आणि मस्टरवर ४५ आणि आधारवर ५८ असं असेल तर अर्ज तिथेच अडतो.

५. नव्वद दिवसांचं प्रमाणपत्र

मजुराची मंडळात नोंदणी व्हायची तर मागच्या बारा महिन्यांत किमान ९० दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला लागतो. तो मालक किंवा ठेकेदार देतो. गावात ग्रामसेवक, ज्यांना आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात, तेही देतात. बरेच ठेकेदार 'ग्रामसेवकाकडून घे' म्हणून हात झटकतात. पण ग्रामसेवकाला कसं माहीत असणार की गावातली बाई शेजारच्या तालुक्यात तुमच्या पुलावर तीन महिने होती? तो नाही म्हणतो तेव्हा त्याचंही काही चुकत नाही. ती तिथे होती हे तुम्हाला माहीत आहे, मग दाखलाही तुम्हीच दिला पाहिजे. मेळघाटातून किंवा छत्तीसगडमधून आलेल्या मजुरांना तर इथलं कोणी ओळखतही नाही, त्यांच्यासाठी तुमच्या सहीशिवाय मार्ग नाही.

आपल्या भागात मजुराचं वर्ष दोन भागांत असतं. मृगाचा पाऊस पडला की तो पेरणीला, निंदणाला जातो. दिवाळीच्या आगेमागे कापूस वेचणी लागते. बांधकामाचं खरं काम नोव्हेंबरनंतर जून येईपर्यंत. तेही एका ठेकेदाराकडे सलग नाही. तुमच्याकडे चाळीस दिवस, दुसऱ्याकडे तीस, एखाद्या घराच्या कामावर वीस. कायद्यात नव्वद दिवस एकाच मालकाकडे पाहिजेत असं कुठेही नाही. म्हणून 'माझ्याकडे नव्वद भरले नाहीत, मी देणार नाही' हे म्हणू नका. जेवढे दिवस तुमच्याकडे भरले तेवढ्यांचा दाखला द्या. बाकीचे तो दुसऱ्यांकडून आणेल.

दाखल्यात काय लिहायचं:

- तुमचं नाव, पत्ता, नोंदणी क्रमांक, मोबाइल
- कामाचं नाव आणि ठिकाण, कार्यारंभ आदेशात आहे तसंच
- मजुराचं आधारप्रमाणे नाव आणि कामाचा प्रकार
- कधीपासून कधीपर्यंत, आणि त्यात प्रत्यक्ष कामाचे दिवस किती
- जावक क्रमांक, दिनांक, सही, शिक्का

जावक क्रमांकासाठी एक साधी वही करा आणि दिलेल्या प्रत्येक दाखल्याची प्रत ठेवा. मंडळाकडून पडताळणीचा फोन येतो तेव्हा 'हो, मीच दिला' एवढं पुरत नाही.

इथला सर्वांत नेहमीचा सापळा दिवस मोजण्याचा. १ नोव्हेंबर ते ३१ जानेवारी लिहिलं की कॅलेंडरचे ९२ दिवस होतात आणि लोक समजतात झालं काम. मस्टर काढलं तर आठवड्याची सुट्टी, गावची जत्रा, रेती न आलेले दिवस, लग्नं वगळून साठ-पासष्ट निघतात. दाखला मस्टरशी जुळला पाहिजे.

दुसरा सापळा मोठा आहे. गावोगाव एजंट फिरतात. 'कार्ड काढून देतो, भांडी मिळतील, पेटी मिळेल' असं सांगून बायांकडून हजार-दोन हजार घेतात आणि तुमच्यासारख्याकडे कोऱ्या दाखल्यांवर सही-शिक्का मागतात. देऊ नका. खोटा दाखला हा फौजदारी गुन्हा आहे, आणि अडकतो तो सही करणारा. मला यात जास्त जे टोचतं ते वेगळंच: कधी घमेलं न उचललेल्यांची नावं यादीत चढली की पडताळणी कडक होते, आणि खऱ्या मजुराचा अर्ज महिनोन् महिने पडून राहतो.

तिसरं, ई-श्रम कार्ड म्हणजे मंडळाची नोंदणी नव्हे. रोजगार हमीचं जॉबकार्डही नव्हे. मजूर खिशातून कार्ड काढून दाखवतो, 'हे काय, निघालं नं भाऊ!' म्हणतो. हातात घेऊन वाचा. मंडळाचं नाव आणि नोंदणी क्रमांक त्यावर असला पाहिजे. असला तरी नूतनीकरणाची तारीख बघा. नोंदणी दरवर्षी जिवंत ठेवावी लागते, आणि त्यासाठी पुन्हा ९० दिवसांचा दाखला लागतो.

मजुराने अर्जासोबत द्यायचं ते असं: आधार, वयाचा आणि रहिवासाचा पुरावा, बँक पासबुकाची प्रत, फोटो आणि हा दाखला. आधारला जोडलेला मोबाइल नंबर चालू असावा, ओटीपी त्याच्यावर येतो. अर्ज मंडळाच्या संकेतस्थळावर होतो. तालुक्याच्या कामगार सुविधा केंद्रातही मदत मिळते.

या कागदाचं मोल किती ते आकड्यांत बघा. नोंदणी चालू असलेल्या मजुराच्या मुलांना पहिली ते सातवीत वर्षाला २,५०० रुपये, आठवी ते दहावीत ५,००० (शाळेत ७५ टक्के हजेरी असेल तर), अभियांत्रिकीला गेलं तर वर्षाला ६०,०००. पहिल्या दोन बाळंतपणांसाठी नैसर्गिक प्रसूतीला १५,०००, शस्त्रक्रियेने झाली तर २०,०००. कामावर असताना मृत्यू झाला तर वारसांना ५ लाख. तुमच्याच देयकातून कापलेल्या पैशातून हे मिळतं.

६. साइटवर काय असायलाच हवं

कायद्यातली यादी लांब आहे. लहान साइटला लागू पडणारं आणि आपल्याकडे खरोखर नसणारं तेवढं सांगतो.

पाणी: पिण्याच्या पाण्याची जागा ठळक दिसावी आणि मुतारी-संडासपासून सहा मीटरच्या आत नसावी, असं १९९६ च्या कायद्यातच लिहिलं आहे. क्युरिंगच्या टाक्यातलं पाणी पिण्यासाठी नसतं. एप्रिल-मे महिन्यात चंद्रपूर, ब्रह्मपुरी, अकोला इथला पारा ४५ च्या वर जातो. तेव्हा सकाळी सहा ते अकरा आणि दुपारी चारनंतर अशा वेळा धरा, सावलीला हिरवी जाळी बांधा, माठ दोन ठेवा, ओआरएसच्या पुड्या प्रथमोपचार पेटीत असू द्या. दुपारी एकला स्लॅबवर सळई बांधायला माणूस चढवू नका. कोणतंही देयक त्या उन्हाच्या मोलाचं नाही.

संडास: बायकांसाठी वेगळा. शाळेच्या आवारात काम असेल तर मुख्याध्यापकांशी लेखी बोलून एक संडास वापरायला घ्या. रस्त्याच्या कामावर निदान ताटव्यांचा तरी आडोसा करा आणि पाण्याचं टाकं ठेवा. सोय नसली की बाया दिवसभर पाणी पीत नाहीत, आणि उन्हाळ्यात त्याचं काय होतं हे सगळ्यांना माहीत आहे.

मुलं: पाळणाघराची कायदेशीर अट पन्नासच्या संख्येवर येते, लहान साइटला ती लागू पडत नाही. तरीही लेकरू रेतीच्या ढिगावर निजलेलं असेल आणि टिप्पर मागे येत असेल, तर संख्या कोण मोजत बसणार? एक सावलीची जागा आखा आणि मजुरांतल्याच एका बाईला पूर्ण रोज देऊन तिथे बसवा.

सुरक्षा: हेल्मेट, उंचीवर पट्टा, पायात बूट. बाहेरचे मजूर साइटवर राहत असतील तर राहण्याची तात्पुरती सोय तुम्ही करायची, फुकट. सिमेंटच्या गोदामात, पोत्यांच्या शेजारी झोपवणं ही सोय नव्हे.

७. चुकारा, म्हणजे मजुरी देणं

दर किमान वेतनाच्या खाली नको, आणि बाई असो की पुरुष, एकाच कामाचा एकच दर. ठरलेल्या तासांपेक्षा जास्त काम घेतलं तर जादा तासांना दुप्पट दर. स्लॅबच्या दिवशी रात्री नऊपर्यंत काम चालतं आणि मग समोसे-चहावर भागवतात. ते चालणार नाही.

आठवड्याचा चुकारा असेल तर आठवड्याच्या शेवटच्या कामाच्या दिवशी, कामावरून कमी केलं तर दोन कामाच्या दिवसांत, असं वेतन संहिता सांगते. गावची रीत बाजाराच्या आदल्या दिवशी पैसे देण्याची आहे, ती चांगलीच आहे. शक्य तिथे खात्यावर पाठवा. रोख दिलं तर रजिस्टरवर सही किंवा अंगठा घ्या, आणि उचल दिली असेल ती वेगळ्या रकान्यात लिहा. 'देयक निघालं की देतो' हे मजुराला सांगायचं वाक्य नाही. देयक मार्चअखेर अडकतं, त्याच्या घरची चूल थांबत नाही.

८. अपघात झालाच तर

देव करो आणि वेळ न येवो. पण तेव्हा डोकं चालत नाही, म्हणून आधीच वाचून ठेवा.

पहिल्यांदा दवाखाना. नंतर पोलिसांत आणि कामगार कार्यालयात कळवणं. मृत्यू झाला तर लेखी अहवाल सात दिवसांच्या आत. विमा कंपनीला त्याच दिवशी. हजेरीचं त्या दिवसाचं पान जपून ठेवा, त्यात नंतर एक अक्षरही घालू नका.

मग गावात बैठक बसते. सरपंच, दोन-चार प्रतिष्ठित, मयताचा भाऊ. एक-दोन लाखांवर 'मिटवतात', शंभराच्या मुद्रांकावर सही होते आणि ठेकेदाराला वाटतं सुटलो. सुटलेला नसतो. मृत्यूची भरपाई सक्षम अधिकाऱ्याकडे जमा करावी लागते. थेट वारसांच्या हातात दिलेली रक्कम कायद्याने भरपाई म्हणून धरली जात नाही, मग तोच ठेकेदार पुन्हा पूर्ण रक्कम देणं लागतो. १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्याचं सूत्र लावून बघा: महिना १५,००० रुपये वेतन धरलं तर तीस वर्षांच्या माणसासाठी निम्मं वेतन गुणिले २०७.९८, म्हणजे १५ लाख ५९ हजारांवर. एका महिन्यात दिली नाही तर १२ टक्के व्याज, वर दंड. मजुरांचा विमा काम सुरू होण्याआधी का काढायचा ते यावरून कळेल. पॉलिसीत मजुरांची संख्या खरी लिहा. पाच लिहून पंधरा लावले तर विमा कंपनी तिथेच बोट ठेवते.

मंडळाचे ५ लाख या भरपाईच्या बदल्यात नसतात, ते वेगळे मिळतात. तो अर्ज भरायला मयताच्या बायकोसोबत स्वतः जा. नोंदणी क्रमांक, मृत्यूचा दाखला, कामावर असल्याचा तुमचा दाखला, पोलिसांचे कागद, वारसाचं पासबुक, एवढं तिच्याकडून एकटीने त्या दिवसांत गोळा होत नाही. मजुराचं नूतनीकरण दोन महिन्यांपूर्वी संपलेलं असल्यामुळे घरच्यांना हात हलवत परत जावं लागलेलं मी जवळून पाहिलं आहे. म्हणून मी आता दर दिवाळीनंतर, काम लागताना, सगळ्यांची कार्डं मागवून तारखा बघतो.

९. काम संपताना

सरकारी कामात प्रत्येक देयकातून कपात झालेली असते. अंतिम देयकाच्या वेळी लेखा शाखेकडून उपकराच्या एकूण कपातीचा तपशील लेखी घ्या. कापलेली रक्कम मंडळाकडे ३० दिवसांत पाठवायची जबाबदारी कापणाऱ्या कार्यालयाची असते, पण तुमच्याकडे पुरावा असावा. कपात कोणत्या रकमेवर झाली तेही तपासा.

खासगी कामात उपकर तुम्ही किंवा काम करवून घेणाऱ्या मालकाने स्वतः भरायचा. बांधकाम परवानगी घेताना नगर पंचायत अंदाजित खर्चावर आगाऊ घेते. त्याची पावती जपा, शेवटी ती वजा होते. संहितेत काम पूर्ण झाल्यावर ६० दिवसांत स्वतःच खर्च काढून उरलेला उपकर भरायचा आणि विवरण दाखल करायचं, असं आहे. जुन्या कायद्यात उशिराला दरमहा २ टक्के व्याज आणि उपकराइतका दंड लागत असे. जुनं काम अंगावर असेल तर ते आधी निस्तरा. आकारणी चुकीची वाटली तर अपील करता येतं, पण मुदतीत, आणि खर्चाची बिलं हातात असतील तरच.

एकीकडे मालक 'ठेकेदार भरेल' म्हणतो, ठेकेदार 'मालक भरेल' म्हणतो, आणि नोटीस दोघांनाही येते. करारनाम्यात एक ओळ घाला: उपकर कोण भरणार आणि पावती कोणाकडे राहणार.

काम संपण्याच्या आठवड्यात, सेंट्रिंग निघायच्या आत, सगळ्या मजुरांचे दाखले लिहून तयार ठेवा आणि शेवटच्या चुकाऱ्यासोबतच हातात द्या. एकदा माणसं पांगली की कोणी वणीला असतं, कोणी नागपूरला, कोणी थेट पुण्याला, आणि दाखल्यासाठी एका दिवसाची मजुरी बुडवून, एसटीचं भाडं भरून परत येणं त्यांना परवडत नाही.